जुनी लाईट घेतलेली माणसं

आमच्या भोरच्या ओपीडीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच चपला काढून आत येऊन बसतात! मी कॅन्सरची डॉक्टर. रेडिएशनला इकडे सगळे ‘लाईट’ म्हणतात. लाईटनं माणसं बरी होतात. पण फार क्वचित, बऱ्याच वर्षांनी, त्याच जागी दुसराच कॅन्सर डोकं वर काढतो. लवकर सापडला तर काढून टाकता येतो. म्हणून नवी गाठ दिसली की माझा पहिला प्रश्न, “पूर्वी लाईट घेतली होती का?”

*

मार्गासनीचे एक आजोबा सुनेसमोर ठणकावून म्हणाले, “छ्या! तसलं काय न्हाई.” मग तिला चहा आणायला पिटाळलं आणि मानेवरची गाठ चाचपत हळूच म्हणाले, “घेतली व्हती. पर सूनबाईला सांगू नका, उगं घाबरंल.”

जाताना सून मागे रेंगाळली. “म्याडम, मामंजींच्या लाईटचं मला लग्नाआधीपास्नं ठाऊक हाय. त्यांना कळू देऊ नका, लई वाईट वाटंल त्यांना.”

गाठ साधी निघाली. दोघांची गुपितं मी अजून सांभाळते आहे.

*

लाईट देताना जागा चुकू नये म्हणून कातडीवर बारीक ठिपके गोंदतात. वेल्ह्याच्या एका मावशींच्या छातीवर मला ते सापडेचनात. मी आणि मंगल सिस्टर, दोघी शोधून दमलो. मावशी हसायला लागल्या.

“ते व्हय? नुसते ठिपके बरे दिसत न्हाईत, म्हणून म्या जत्रंत त्यांची तुळस करून घेतली!”

सिस्टरांनी केसपेपरवर तुळस काढली.

*

सारोळ्याच्या ताराकाकूंनी स्तनाच्या कॅन्सरसाठी लाईट घेतली, त्याला बरीच वर्षं झाली. आता तीन आठवड्यांपासून त्याच जागी जांभळा डाग होता.

“शेळीनं ढुशी मारली,” काकू म्हणाल्या.

काका भडकलेलेच होते. “येत्या बाजाराला इकूनच टाकतो तिला!”

पण मुका मार इतके दिवस राहत नाही. मी डागाचा तुकडा तपासायला पाठवला. ज्याची भीती होती तेच निघालं, लाईटनंतर होणारा तो दुर्मीळ कॅन्सर.

“काकू, हा मार नाही. लाईटच्या जागी नवं दुखणं आलंय. पुण्याला मोठं ऑपरेशन करावं लागेल. पण वेळेत सापडलंय.”

काकूंनी मोबाईल काढून शेजारणीला लावला.

“आगं, आमच्या शेळीला कवळा पाला टाक. महिनाभर म्या तिला नुसतं वाळकं चारलं. तिनं काय केलं न्हवतं गं.”