तीस वर्षांपूर्वी आपण काय होता?

त्या संध्याकाळी मला कुठेही जायचं नव्हतं. मार्चअखेरच्या कामात पंधरा दिवस पाठ टेकली नव्हती. त्यात अकोल्याचं ऊन. पण आमच्या साहेबांच्या क्लबात 'जुन्या जमान्याची संध्याकाळ' होती आणि त्यांचा पेटीवाला ऐन वेळी आजारी पडला. अमरावतीच्या वसतिगृहात असताना मी पेटी शिकलो, हे मीच कधीतरी साहेबांपुढे बोलून गेलो होतो. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय! नोकरीत अजून कायम झालो नव्हतो, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "मीबी येतो."

मी बघतच राहिलो. तरुणपणी वडील याच क्लबात पंखा ओढायचे. दिवाणखान्याच्या छताला कापडाचा लांबलचक पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओट्यावर यायची आणि तिथे बसून वडील ती तासन्‌तास ओढायचे. आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. आमच्या लोकांना ती तेव्हा कुठेच नव्हती. गाणं मात्र त्या भोकातून येई. नाटकातली कितीतरी पदं त्यांना अशी पाठ झाली, पण गाणाऱ्याचं तोंड एकदाही दिसलं नाही. आता आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो होतो आणि मी सरकारी कचेरीत कारकून होतो. वडिलांनी स्वतः धोतर धुतलं, नीळ दिली, माझा लग्नातला कोट अंगात घातला. बाह्या आखूड झाल्या, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. जुन्या शहरातून मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही चालत निघालो. ते पुढे, मी पाय ओढत मागे.

क्लबात विजेचे दिवे बंद करून गॅसबत्त्या लावल्या होत्या. एरवी पाटलोणीत वावरणारे वकील आणि अडते पगड्या घालून, उपरणी सावरत फिरत होते. एकानं तर काजळानं मिशा काढल्या होत्या आणि घामानं त्या हनुवटीपर्यंत आल्या होत्या. मला काही हसू आलं नाही. जुना जमाना ज्यांना बरा गेला त्यांनाच त्याची हौस, असं मनात आलं आणि ते मी मनातच ठेवलं.

दारात सेक्रेटरी भालदाराच्या वेशात काठी घेऊन उभे होते. त्यांनी एक खेळ काढला होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "तीस वर्षांपूर्वी आपण काय होता?" उत्तर आलं की काठी आपटून आत पुकारा करत. आमच्या पुढचे वकील म्हणाले, "मॅट्रिकला तिसऱ्यांदा नापास!" तसा पुकारा झाला, दिवाणखाना हसला, टाळ्या पडल्या.

मग वडील. सेक्रेटरींनी त्यांनाही तितक्याच अदबीनं विचारलं. वडिलांनी कोटाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला. आत पहिल्या रांगेत माझे साहेब बसले होते, मान वळवून बघत होते. वडील बोलायच्या आत मी पुढे झालो.

"कापसाच्या जिनात मुकादम होते," मी म्हणालो.

काठी आपटली. "जिनातले मुकादम!" लोकांनी सरकून जागा केली, वडिलांना चांगली दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. ते बसले. उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं होतं.

मी दोन तास पेटी वाजवली. बोटं चालत होती एवढंच. गाणाऱ्या बाई गोड गात होत्या, आणि मी पुन्हापुन्हा दुसऱ्या रांगेकडे पाहत होतो. ओट्यावर बसून ऐकलेली ती पदं घरी गुणगुणताना ज्यांची मान डोलायची, ते वडील हात मांडीवर ठेवून फरशीकडे बघत होते.

परत येताना पुलाशी मी त्यांना गाठलं. मीच विचारलं, "गाणं आवडलं नाई का, बाबा?"

"गानं चांगलंच होतं. तवाबी चांगलंच होतं."

"मंग?"

"त्यानं मले इचारलं होतं. तू काहून बोलला मधात?"

"चार मानसायसमोर ते कायले काढाचं? माह्या नोकरीचं तरी पाहा ना."

"पाच सालं पंखा ओढला तिथं. चोरी नाई केली." ते थांबले. "मी काय गान्यासाठी आलो होतो? त्या दारात उभं राहून सांगाचं होतं मले, का मी तो भाईरचा पंखेवाला, आन् आज आत बसाले आलो. कोनी हासलं असतं तं हासू देलं असतं ना."

मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगा.

"पुढच्या वेळी कोन इचारते?" ते चालू लागले. जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवा त्याईनं मले भाईर बसवलं. आज तू बसवलं."

क्लबानं पुन्हा तसला खेळ केला नाही. मी पुढे नोकरीत कायम झालो. वडिलांनी तो विषय परत काढला नाही, आणि ते जाईपर्यंत मीही काढला नाही. मी त्या दिवशी फार दमलो होतो, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. दमलो होतो हे खरंच आहे. पूल चढतानाही मला धाप लागली होती. पण 'कापसाच्या जिनात मुकादम होते' हे म्हणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.