व्हिपेटची नाती

माझ्या कुत्रीच्या सात पिढ्या मला पाठ होत्या. स्वतःच्या जेमतेम तीन. आजोबांचं नाव ठाऊक, पणजोबांचं नाही. मराठवाड्यातल्या आमच्या माणसांची नावं लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती. आणि या बाईसाहेबांचा खापरपणजोबा थेट विलायतेहून आलेला, नावानिशी, रंगानिशी, छापील कागदावर! भाचीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "मावशी, खापर मतलब?" दिल्लीत वाढलेली पोर. कपाळावर हात मारून घेतला मी.

व्हिपेट म्हणजे पळण्याच्या शर्यतीचं कुत्रं. काडीसारखे पाय, पोट खपाटीला, पाठीला कमान. सोसायटीचा गार्ड रोज विचारायचा, "मैडम, खाना नहीं देतीं क्या?" आणि मी रोज चिडायचे. नोकरी संपून सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं, नोएडात फ्लॅट घेतला, तेव्हापासून माझी बडबड ऐकून घेणारी ती एकटीच.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, थोडेच महिने. खरं सांगते, तिच्याआधी मला माझीच दया आली. ही गेली की मी बोलू कुणाशी? म्हणून ठरवलं, हिच्याच रक्ताचं पिल्लू शोधायचं, आणि मादीच हवी. हिला पिल्लं झाली नव्हती, पण हिला एक बहीण होती असं कागद सांगत होता.

करोल बागेत गाड्यांचे सीट कव्हर विकणारा एकजण सापडला. त्याच्या वडिलांनी पूर्वी व्हिपेट पाळले होते, त्यांची वही याने जपली होती. माझा कागद वहीशेजारी ठेवून तो बोट फिरवत गेला. तोच विलायती कुत्रा बापाकडूनही, आईकडूनही. "आजकल के दिल्ली के आधे व्हिपेट इसी के हैं," तो म्हणाला. "ये पीठ देखिए, ये उसी की है." दुखरं हृदयही त्याचंच असेल का, ते वहीत नव्हतं.

मी विचारलं, "इसकी माँ की कोई नाती है क्या?"

"है ना जी, एक नाती है. नजफगढ़ में."

मी हरखले. वाटेत गुलाबी पट्टासुद्धा घेतला! टॅक्सीत बाईसाहेबांना मांडीवर घेऊन नजफगढला पोचले, तर फाटकात चांगला सहा वर्षांचा दांडगा नर उभा. हिंदीत नाती म्हणजे मुलीचा मुलगा; मला म्हणायची होती आपली नात. चाळीस वर्षं दिल्लीत घासली, आणि ऐन वेळी तोंडात आली ती आपली मराठी! त्याचा मालक, एक रिटायर्ड मास्तर, पट्टा बघून खो खो हसला. "नातिन बोलना था ना, बहन जी." मग गंभीर होऊन म्हणाला, "मेरे पास तो बस यही है. दूँगा नहीं." त्याच्या घरातही, माझ्यासारखंच, धुऊन पालथं घातलेलं एकच ताट होतं. मला लाज वाटली, कुणाकडे मागायला आले होते मी!

पण पाठ तीच. घुटमळताना पुढचा डावा पाय उचलून धरायची सवयही तीच. माझ्या अंगावर काटा आला. त्या दोघांना मात्र सोयरसुतक नव्हतं. एकदा हुंगलं, संपलं. ती परत येऊन माझ्या पायाला टेकून उभी राहिली. मास्तरांनी चहा केला, मग आम्ही दोघांचे कागद चटईवर पसरून आजे-पणजे जुळवत बसलो. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला.

दीड महिन्याने ती गेली. भाचीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाकी कुणी काही विचारलं नाही. कुत्र्याचं कोण विचारतो? तीन दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही.

चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन आला, तिची तब्येत विचारायला. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "हमारे खानदान में एक कम हो गया, बहन जी."

हमारे! फोन कानाला तसाच धरून मी भोकाड पसरलं. त्यांनी ठेवला नाही.