ओट्यावरचं पोतेरं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.ए. झालो होतो, आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पुण्याहून सरकारी नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, पण माझी कावीळ नुकतीच उतरली होती आणि खामगावच्या डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं होतं. म्हणून माय सोबत निघाली. कॉलेजातल्या एका सरांनी ओळखीनं एका घराच्या वरच्या मजल्यावर आठ दिवसांसाठी जागा मिळवून दिली. स्टोव्ह होता, भांडी होती, स्वयंपाक आपला आपण करायचा. सरांचे ते उपकार मी विसरलेलो नाही.

नांदुऱ्याला गाडीत बसलो तेव्हापासून मी मायला शिकवत होतो. घरमालकीणबाईंसमोर कमी बोल, ‘मले-तुले’ म्हणू नको, ते लोक हसतात. मांडीवर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं धरून ती ऐकत राहिली. त्या शिकवणीची मला आज लाज वाटते.

स्वयंपाकघरात कमरेइतका उंच ओटा होता, गुळगुळीत काळ्या फरशीचा. उभ्यानं रांधायचं याचं मायला हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाखतीचं ऑफिस पाहून ठेवायला गेलो. परत आलो तर सगळा ओटा शेणानं सारवलेला. मागच्या गल्लीतला गवळ्याचा गोठा तिनं एकटीनं शोधून काढला होता. आमच्याकडे दुसऱ्याच्या चुलीवर काही शिजवायचं तर आधी तिच्यावर शेणाचं पोतेरं फिरवतात. ओटा म्हणजे चुलीचीच जागा, एवढा सरळ हिशेब तिनं केला होता.

मी तिला काही म्हणणार तेवढ्यात स्टोव्हची पिन द्यायला मालकीणबाई वर आल्या. क्षणभर त्यांना ते काय आहे तेच कळलं नाही. मग पदर नाकाला लावून त्या माझ्याशीच बोलू लागल्या. माय समोर उभी असून नसल्यासारखी. फरशी नवी होती, घरात सोवळंओवळं होतं, सरांच्या शब्दाखातर जागा दिली होती, असं बरंच काही.

“तुम्ही शिकलेले दिसता,” त्या शेवटी म्हणाल्या. “राहा मुलाखत होईपर्यंत. पण आईंना आजच्या गाडीनं परत पाठवा. हे काही तुमचं खेडं नाही.”

मुलाखत परवावर होती. पुण्यात दुसरी ओळख नव्हती. ‘हो’ म्हणालो असतो तर खोली राहिली असती. सरांनाही वाईट वाटलं नसतं.

माय मला हळूच म्हणाली, “काऊन रे, म्या काय घाण केली? चूल तर साफच केली.”

तिच्या हाताला अजून शेण होतं. ती ते पदराला पुसायलाही धजत नव्हती. तिला मी शिकवलं होतं ना, कमी बोल म्हणून.

मग मी बाईंशी माझ्या बोलीत बोललो. मुद्दाम नाही, दुसरी भाषा तेव्हा तोंडात आलीच नाही.

“ओटा मी धुऊन देतो, बाई. फरशी तुमची हाये. पण माय कुठी जात नाही. तिले जा म्हणान तर आम्ही दोघंही आत्ताच जाऊन राह्यलो, मुलाखत गेली तरी चालते.”

 बाई पिन खिडकीत ठेवून खाली गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

मी ओटा दोन पाण्यांनी धुतला. माय भाकरी थापायला बसली, खाली जमिनीवर, स्टोव्ह खाली घेऊन. थापण्याचा आवाज खाली जात असणार. मी तिला हळू थाप म्हणालो नाही.

मुलाखतीत एका साहेबांनी माझ्या उच्चारांवरून गाव कोणतं ते विचारलं. मी गाव सांगितलं, जिल्हा सांगितला, आणि तसाच बोलत राहिलो. निकाल पुढे महिन्यानं लागायचा होता.

निघायच्या दिवशी सामान बांधून झालं तरी माय स्टोव्हपाशी घुटमळत होती. रांधलेली जागा तशीच सोडून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. या वेळी ओट्याला हात लावायचा नाही, स्टोव्ह होता तेवढीच जमीन सारवायची, असं आमचं ठरलं.

गोठ्यावर मी गेलो. मुलाखतीचा इस्त्रीचा सदरा अंगात होता. मागच्या जिन्यानं येता आलं असतं. मी शेणाचं घमेलं घेऊन पुढच्या दारानं आलो. बाई ओसरीत बसल्या होत्या. त्यांना नमस्कार केला आणि वर गेलो.