साडेबाराच्या वर

"डोळा दाखव बघू," म्हणत काकू समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढायच्या. आत लाली दिसली तर "ठीक आहे", नाहीतर "पांढराफटक पडलायस. डब्यात काय आणतोस?" हडपसरच्या आमच्या ऑफिसात माझं स्वागत असंच झालं. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. नसेल तर ते नशीब चांगलं की वाईट, तुम्हीच ठरवा.

काकू हिशेब विभागात होत्या, कसब्यातून बसने यायच्या. पक्क्या शाकाहारी. दरवर्षी ऑफिसात रक्तदान शिबिर भरलं की रांगेत पहिल्या, आणि दरवर्षी तशाच परत. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, त्यांचं अकराच्या आसपास घुटमळायचं. कोणी अंडी खायला सुचवलं की म्हणायच्या, "सुचवलंत, आभारी आहे. तुम्हीच खा."

या हट्टामागचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं. लेकीच्या जन्माच्या वेळी खूप रक्त गेलं होतं, परक्या माणसांच्या बाटल्यांवर त्या वाचल्या. "एक तरी परत करायची आहे रे. साठीनंतर पहिल्यांदा देणाऱ्याचं घेत नाहीत म्हणे." साठीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं उरली होती.

प्रयत्नांत कसूर नव्हती. लोखंडी कढईत परतलेली मेथी, मोडाची मटकी, आळिवाचे लाडू. आणि डबा संपला रे संपला की कडक चहा. लाडू तर चहाबरोबरच. त्या वर्षी शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच विचारलं. बाकीच्या तपासण्या ठीक होत्या. "जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तास-दोन तास थांबा, आणि जेवताना लिंबू पिळा," त्या म्हणाल्या.

काकू जागेवर येऊन बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं आळीव मी चहाला खाऊ घातले."

दुसऱ्या दिवसापासून डब्यानंतरचा चहा बंद झाला. फक्त त्यांचा नव्हे, आमच्या सगळ्यांचा. चहावाल्याला परस्पर साडेतीनची वेळ दिली गेली आणि विचारल्याशिवाय प्रत्येकाच्या उसळीवर लिंबू पडू लागलं. आम्ही कुरकुरायचो, पण खरं सांगतो, मला ते मनापासून आवडायचं. आता काकू निवृत्त होऊन लेकीकडे राहतात, तरी आमचा चहा अजून साडेतीनलाच येतो.

चहाची वेळ बदलली त्याच्या पुढच्याच वर्षी, शिबिरात बोटाला सुई टोचताना काकूंनी डोळे गच्च मिटले.

"बारा पॉइंट आठ," तपासणारी मुलगी म्हणाली.

"परत बघा."

तिने परत बघितलं. तेवढंच होतं.

शेजारच्या खाटेवर मी होतो. पिशवी भरत आली तशी काकूंनी त्या मुलीला विचारलं, "ही कोणाला जाईल हो?"

"ते नाही सांगता येत, काकू."

"नकाच सांगू. मलाही कोणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी दाराबाहेर जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.