वहिनींचं ताट

धुळ्याहून भाऊंचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्याच्या घरी भाकरी थापत होते. "सुमन गेली," एवढंच म्हणाले. माझ्या सुमनवहिनी. हृदयविकाराचा झटका... पिठाचे हात तसेच घेऊन मी खाली बसले. मनात पहिला प्रश्न आला तो वेगळाच. वहिनी जेवल्या होत्या ना?

लग्नाआधी मी धुळ्याला भाऊंकडे राहून कॉलेज करत होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वहिनींना जेवलं की पोटात पिळवटून यायचं, अंगावर गांधी उठायच्या. भाऊंनी मुंबईला नेऊन कातडीवर सुया टोचून तपासण्या केल्या. गहू, दूध, शेंगदाणे, वांगी, तूर, केळी... सगळंच बाधतं म्हणे. भाऊ शिस्तीचे. त्या दिवसापासून वहिनींच्या ताटात मूग आणि भात. घरादारासाठी भरताची वांगी त्याच भाजायच्या, चव मात्र मला बघायला लावायच्या. आई गावाहून आली की कुरकुरायची, "हाऊ बठ्ठा नखरा शे!" तिला ती सगळी नाटकंच वाटायची. दुखणं कमी झालं, पण वहिनीही निम्म्या झाल्या. लग्नकार्याला जाणंच त्यांनी सोडलं.

वर्षभराने नाशिकला पुन्हा तपासणी केली. या वेळी गहू, वांगी यादीतून सुटली आणि तांदूळ सापडला! भाऊ म्हणाले, "आता भातही बंद." वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मग खाऊ काय? आणि दोन्ही रिपोर्ट खरे कसे?"

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन त्या गावातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे गेल्या. "सुई टोचून कातडीवर गांधी उठली म्हणजे ते अन्न पोटाला बाधेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "एकेक पदार्थ इथे, माझ्यासमोर खाऊन बघू. घरी प्रयोग नको."

पहिल्यांदा वांगं. टेबलावर इंजेक्शन भरून ठेवलेलं, दारात भाऊ घुश्शात उभे. वहिनींनी भरताचा घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. मध्येच त्यांनी मान खाजवली, भाऊ धावले... डास होता. बाकी काही झालं नाही. पुढच्या खेपांना भात, गहू, तूर, केळीही पचली. दुधाने मात्र पोट धरलं. आणि शेंगदाण्याचा कण जिभेवर ठेवताच ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं.

वहिनी सावरल्यावर भाऊ म्हणाले, "बघ, रिपोर्ट खरा होता!"

सुजल्या ओठांनी वहिनी म्हणाल्या, "दोन गोष्टी खऱ्या होत्या. बाकीच्यांसाठी मला उपाशी ठेवलंत."

भाऊ मान खाली घालून बाहेर गेले.

पुढे वहिनींचं अंग भरलं. पण त्यांनी पंगतीत कुणाला आग्रह केला नाही. आमच्याकडे नको म्हणणाऱ्याच्या तोंडात लाडू कोंबायची रीत. वहिनी मात्र पळी ताटावर धरून विचारायच्या, "चालेल ना तुम्हाला?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या.

वहिनींच्या माघारी, गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले होते. भाऊंनी स्वतः वाढायला घेतलं. वरणाची पळी माझ्या ताटापर्यंत आली आणि तिथेच थांबली...