ताईचे रिठे

नव्वदीच्या शेवटी ताई पुण्यात एमएस्सी करत होती आणि मी, बारावी झाल्यावर, शिरूरला वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, काष्ठौषधीच्या दुकानात बसत होते. शिकेकाई, आवळकाठी, रिठे निवडून माझ्या बोटांची सालं निघायची. आप्पा त्यावर कधी काही बोलले नाहीत.

एका रविवारी ताई घरी आली आणि दुकानातच सांगायला लागली. रिठ्याचा फेस ज्यामुळं होतो ते सॅपोनिन, आणि ते रक्तातल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. नळीतलं गढूळ रक्त बघता बघता लाल सरबतासारखं नितळ होतं. पेशीच्या आत रंग सोडून बघायचा असेल तर संशोधनात हेच वापरतात. आप्पा गिऱ्हाईक सोडून ऐकत बसले.

"म्हंजी आपला रिठा एवढा कामाचा हाय व्हय!"

मी तिथंच रिठे फोडत होते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

तिला प्रयोगासाठी एकाच झाडाचे, नवे रिठे हवे होते. कवठे येमाईला मामांच्या बांधावर झाड होतं. काम माझ्यावर आलं. मी गेले, रिठे वेचले, वाळवले आणि पिशवी भरताना निम्मे दुकानातले जुने, किडके घातले. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

दोन महिन्यांनी ताई आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "रोज वेगळंच उत्तर येतंय. सर म्हणतात, तुझ्या हाताला सफाई नाही." उरलेली पिशवी तिनं आप्पांपुढं ठेवली. आप्पांनी एक रिठा हुंगला, दुसरा कानाशी हलवला.

"ह्यातलं निम्मं आपल्या पोत्यातलं हाय."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. "का गं?"

"तू बोलतीस तवा आप्पा ऐकत्यात," मी म्हणाले. "मी हितं रोज बसते."

आप्पा उठून आत गेले. ताई रडली, मग चिडली, आणि दुसऱ्या दिवशी कवठ्याला निघाली. मी येते म्हटलं, तर "नको" म्हणाली.

तिचं काम पुढं चांगलं झालं. बांधलेला प्रबंध घेऊन ती आली तेव्हा मी आधी आभाराचं पान उघडलं. सर, आप्पा, मामा, प्रयोगशाळेतला शिपाई, सगळे होते. माझं नाव नव्हतं. नसणारच, हे कळत होतं. तरी त्या शिपायाचा मला पुढं कितीतरी दिवस हेवा वाटत राहिला.