कुंपणापलीकडचा भाऊ

वसईच्या घरातून निघाले त्या संध्याकाळी घरातली रोझरीची प्रार्थना लवकर सुरू झाली. विमान पहाटेचं होतं, पण प्रवास म्हटला की आईला सगळं वेळेच्या आधी उरकायचं असे. रोझरी संपल्यावर रिवाजाप्रमाणे मी एकेका थोराचा आशीर्वाद घेत गेले. आईने कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि तिला रडू फुटलं. पप्पा रडले नाहीत. म्हणाले, "तिकडे टीव्ही बघताना शेजारी बसून कुणी समजावून सांगणार नाही. लक्ष देऊन ऐकत जा." बापाने लेकीला निरोप देताना म्हणावं असं हे वाक्य आहे का? जीपमध्ये बसल्यावर मी रडता रडता हसायला लागले, आणि माझा नवरा सायमन काळजीने माझ्याकडे बघू लागला.

तुम्ही तिथे वसईत राहिलेले मात्र काळजी करणार नाही, कारण आमच्या खोलीत दाटीवाटीने बसून तुम्हीही ती जुनी ब्रिटिश विनोदी मालिका बघितली आहे. आठवड्यातून एकदा, रोझरीनंतर. ती ज्या दिवशी असे त्या दिवशी रोझरीच्या शेवटची लितानी जरा धावतच संपे, हे आता कबूल करायला हरकत नाही. मालिकेत होतं काय? एक सोफा, एक चहाची किटली, एक चिडकी बाई आणि कुंपणावरून ढेंग टाकून तिच्या घरात शिरणारा एक लांबनाक्या माणूस. दोघं भांडत, टीव्हीतली न दिसणारी माणसं खो खो हसत. आईला इंग्रजी येत नव्हतं. पप्पा फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट, म्हणून समजावून सांगायचं काम त्यांचं. ते वाकून तिला सांगत, आणि मग आई हसे. टीव्हीतलं हसू केव्हाच पुढे गेलेलं असे, आमच्या घरातलं मागून येई.

पप्पांच्या सांगण्यानुसार ती बाई मोठी बहीण आणि तो लांबनाक्या तिचा धाकटा भाऊ. भाऊ येतो, भांडतो, तरातरा निघून जातो. बहीण म्हणते, तोंड बघणार नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा कुंपणावर हजर. "बघ, आला की नाही? शेवटी भाऊच तो," पप्पा म्हणत. आई पदराने डोळे पुसत हसे.

त्या वर्षांत आई आणि पास्कूमामा बोलत नव्हते. आजोबांची केळीची वाडी वाटली गेली, विहीर कुणाच्या हद्दीत यावरून सख्ख्या भावाबहिणीचं बिनसलं, आणि मामाने आमच्या दोन घरांमधल्या कुंपणातली येण्याजाण्याची वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली. मग एका नाताळात आई करंज्यांचं ताट घेऊन, रस्त्याने वळसा घालून, मामाच्या दारात जाऊन उभी राहिली. आम्ही पोरं तोंडात बोटं घालून बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी मामाने फांद्या काढल्या. आईला एकाएकी काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मोठ्यांची भांडणं मोठ्यांनीच मिटवायची असतात, आपण करंज्या खायच्या.

इथे आलो तो पहिला विंटर स्कारबरो नावाच्या उपनगरातल्या एका बेसमेंटमध्ये काढला. खिडकीबाहेर बर्फ आणि लोकांचे बूट, एवढंच दिसे. जॉबसाठी अप्लाय करून करून हात दुखले होते, आणि फोनवर कुणी इंग्रजीत बोललं की मी तीन वाक्यं मागे पडे. अशात एका शनिवारी टीव्हीवर तोच सोफा दिसला. तीच किटली. मी सायमनला हाक मारून बसवलं आणि पप्पांची आज्ञा पाळून लक्ष देऊन ऐकलं. ऐकते तो काय, लांबनाक्या तिचा भाऊ नव्हताच. नुसता शेजारी. ना नातं, ना शपथा, भांडण मांजरावरून. सगळी मालिका पप्पांनी मनाने रचली होती. "सासरेबुवांचं इंग्रजी असं आहे होय?" सायमन म्हणाला, आणि त्या बेसमेंटमध्ये आम्ही पहिल्यांदा पोट धरधरून हसलो. टायपिस्टला स्पेलिंग येतं, बोललेलं कळतंच असं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पप्पांना हे कधी सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

या मालिका अजून लागतात. मी काम करते त्या लॅबमध्ये एक जमैकाची आहे, एक कोलंबोचा. लंचला कधीतरी विषय निघाला, तर दोघांनीही लहानपणी तोच सोफा बघितलेला. मला वाटतं, त्यात कुणाचं काही मोठं भलं होत नाही आणि कुणी कुठे निघूनही जात नाही, म्हणून त्या आम्हाला सोडवत नाहीत. आम्ही सगळे निघून आलेलो. ती माणसं मात्र दर शनिवारी जागच्या जागी सापडतात.

आई गेली आणि पप्पांना मी एटोबिकोला आमच्या आताच्या घरी घेऊन आले. त्यांनी बॅग उघडली, पण रिकामी केली नाही. शर्ट बॅगेतून काढायचा, धुतला की बॅगेत ठेवायचा. बोलणं 'हो', 'नको' आणि 'जेवलो' इतकंच उरलं. वसईला ते एकटे, इथे मुके. त्यांना कुठे ठेवावं हे मला कळेना. मी मनापासून घाबरले होते. मे महिन्याचं परतीचं तिकीट कॅन्सल करू या, असं म्हणून बघितलं, तर त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली.

शनिवारी मी त्यांना मालिकेसमोर बसवलं. टीव्हीतली माणसं हसली. पप्पा सवयीने उजवीकडे वाकले, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. उजवीकडे कुशन होतं. मला ते बघवलं नाही, मी किचनमध्ये निघून गेले.

पुढच्या शनिवारी त्या जागेवर माझी मुलगी रिया जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं. ती इथेच जन्मली, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. हसू आलं, पप्पा वाकले आणि या खेपेला बोलले, "भाऊ तो. रागावला तरी येणारच."

"बट ग्रँडपा, ही इज नॉट हर ब्रदर. ही इज जस्ट द नेबर."

मी चहा घेऊन येत होते, ती किचनच्या दारातच थांबले. पप्पांनी तिच्याकडे शांतपणे बघितलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या आजीशी तिचा भाऊ बोलत नव्हता. तिला मी सांगितलं असतं, जाऊन समेट कर, तर तिने मलाच दोन दिवस उपाशी ठेवलं असतं. म्हणून म्हटलं, टीव्हीतला तरी दर आठवड्याला येऊ दे."

मी दारातच उभी राहून रडले. रियाने रिमोट उचलला आणि टीव्ही म्यूट केला. "ओके, यू टेल इट. व्हॉट डज द ब्रदर डू नाऊ?"

त्या संध्याकाळी पप्पा इतके बोलले, की शेवटी त्यांचा घसा बसला.

मला वाटलं, आता राहतील. नाही राहिले. मे महिन्यात बॅग भरावीही लागली नाही, ती भरलेलीच होती. एअरपोर्टवर मी त्यांचा आशीर्वाद घेतला, त्यांनी कपाळावर क्रूस काढला, अगदी आईसारखा. मग रियाला म्हणाले, "शनिवारी फोन लाव. मला उशिरा उठायची सवय नाही."

आता दर शनिवारी रिया व्हिडिओ कॉल लावते आणि फोन टीव्हीकडे तोंड करून उभा करते. वसईत तेव्हा रविवारची पहाट असते. कुंपणातल्या वाटेने पास्कूमामा येतो, आणि चर्चमध्ये पहिल्या मिस्साला जाण्याआधी दोघं म्हातारे खाटेवर शेजारी शेजारी बसतात. मामाला इंग्रजी येत नाही. इथे टीव्ही हसतो, आम्ही हसतो. मग तिकडे पप्पा वाकून काहीतरी सांगतात, आणि थोड्या वेळाने मामाचं हसू येऊन पोचतं. तुम्ही विचारता, आता घर कुठलं, वसईचं की इथलं? मला नीट सांगता येत नाही. पण ते मागून येणारं हसू ऐकल्याशिवाय मी सोफ्यावरून उठत नाही.

परवा मामाने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा दर खेपेला कुंपणावरून येतो तो कोण?"

"तो होय?" पप्पा म्हणाले. "तो तिचा भाऊ."